काळीचा हिशेब, पांढरीची भाजी : मराठवाड्यातील परसबाग आणि कोंबडीचा न लिहिलेला इतिहास

(१/२२)
मराठवाड्यातील एखाद्या जुन्या गावाचा इतिहास शोधू गेल्यास शेताचा हिशेब हमखास हाती लागतो. जिराईत किती, बागाईत किती, सारा किती, थकबाकी किती. परंतु त्याच गावातील घरामागे वाढणारी दोडक्याची वेल आणि तिच्या सावलीत माती उकरणारी कोंबडी यांची नोंद दफ्तरात सहसा मिळत नाही. शतकानुशतके कुटुंबाच्या ताटात भाजी आणि अडचणीच्या वेळी हाती चार पैसे देणारी ही व्यवस्था कागदाबाहेर का राहिली? छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसराच्या अनुषंगाने हा धागा.

(२/२२)
उत्तराचा पहिला दुवा जुन्या मराठी कागदपत्रांतील एका जोडशब्दात आहे : काळी-पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. दोन्ही मिळून गाव. राज्यसत्तेचे लक्ष स्वाभाविकपणे काळीवर असे, कारण महसूल तिथून येई. पांढरीतील घरांवर आणि धंद्यांवर पट्ट्या असत. पण जमिनीची प्रतवारी आणि मोजणी घरामागच्या चार वाफ्यांपर्यंत पोहोचत नसे. परसबाग पांढरीत होती, म्हणून ती हिशेबाबाहेर राहिली.

(३/२२)
पांढरी 'पांढरी' का? पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, पडक्या मातीच्या भिंती, हाडे आणि खापरे एकाच जागी साचत गेली, की मूळची काळी माती फिकट, राखाडी होते. पुरातत्त्वज्ञ प्राचीन वस्तीची टेकाडे याच रंगावरून ओळखतात. पैठण आणि भोकरदन ही याच भागातील उदाहरणे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. शेतकरी मात्र अशा टेकाडांची माती खत म्हणून शेतात नेत आले. उत्खनन करणाऱ्यांची ती डोकेदुखी; पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. गावातील सर्वांत कसदार माती स्वयंपाकघरांनी तयार केली होती.

(४/२२)
आता काळीचा हिशेब पाहा. १६१० च्या सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी येथे नवे शहर वसवले. तेच पुढे फत्तेनगर, १६५३ नंतर औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. इजाऱ्याची पद्धत मोडून जमिनीचा कस पाहून सारा ठरवणारा प्रशासक म्हणून मलिक अंबरचे नाव महसुलाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सुधारणांच्या काळात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे नवी मोजणी झाली. दोन्ही वेळा डोळा होता तो पिकाच्या जमिनीवर. गावठाण वेगळे सोडले जाई.

(५/२२)
बागांचा इतिहास मात्र या शहराला भरपूर आहे. मलिक अंबरच्या काळात डोंगरातील भूजल उताराच्या बळावर शहरात आणणारी 'नहर-ए-अंबरी' बांधली गेली. इराणमधील 'कनात' आणि बुऱ्हाणपूरची भूमिगत जलव्यवस्था याच कुळातील. नहरांच्या पाण्यावर शहर जगले, हौद भरले आणि बागा फुलल्या. बीबी-का-मकबऱ्याभोवतीची चारबाग आणि दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग त्याच परंपरेतील. हिमायतबागेत आज कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. शाही बागेची नोंद इमारतीत, चित्रात आणि बखरीत राहते. परसबागेचे तसे काही उरत नाही.

(६/२२)
कारण परसबागेला नहर नव्हती. या भागात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आडाचे पाणी शेंदून, डोक्यावरून आणलेले. ते थेट वेलीला घालणे परवडणारे नव्हते. म्हणून बाग न्हाणीच्या मोरीपाशी लावली जाई. अंघोळीचे, भांड्यांचे, धान्य धुतल्याचे पाणी ओघळून जाई तिथे आळू, केळ, पुदिना, थोडे पुढे वांगी आणि मिरची, कुडाला शेवगा, छपरावर भोपळा आणि दोडका. एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा वापरणे, हा या बागेचा पाया होता.

(७/२२)
रचनेत आणखी एक हिशेब होता. चुलीची राख वांग्याच्या पानांवर टाकली की मावा आटोक्यात राही. कोंबड्या वाळवी, अळ्या आणि तणाचे बी वेचत. त्यांची विष्ठा खत होई. मात्र कोवळी रोपे त्या उकरून टाकत, म्हणून नव्या वाफ्याभोवती बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले जाई. पुढच्या वर्षाचे बी राखेत घोळवून गाडग्यात किंवा वाळलेल्या भोपळ्यात ठेवले जाई. पाणी, राख, खरकटे, शेण यांपैकी काहीच वाया जात नसे, आणि यांतील एकाही गोष्टीसाठी बाजारात जावे लागत नसे.

(८/२२)
कागद गप्प असले, तरी रूढी बोलतात. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीच्या दिवशी, महाराष्ट्रातील अनेक घरांत एक मिश्र भाजी होते. नियम असा, की बैलाच्या श्रमाने पिकलेले काही खायचे नाही. म्हणजे नांगराखालचे वर्ज्य, हाताने लावलेले चालते. आळू, भेंडी, दोडका, पडवळ, लाल माठ, सुरण, अंबाडी, भोपळा : ही यादी म्हणजे पावसाळ्यातील परसाची जणू खानेसुमारीच. व्रतामागील विटाळाची कल्पना आज टीकेस पात्र ठरली आहे आणि ते योग्यच आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने हा नियम मोलाचा आहे. काळी आणि परस ही दोन वेगळी अर्थकारणे आहेत, हे त्याने ताटात जपून ठेवले.

(९/२२)
त्याच भाजीत एक गंमत दडलेली आहे. तिच्यात अनेक घरी मक्याचे कणीस आणि लाल भोपळा असतो. ही दोन्ही पिके अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी आशियात त्यांची लागवड असल्याचा सर्वमान्य पुरावा नाही. 'ऋषींचे अन्न' मानलेल्या पदार्थात सोळाव्या शतकानंतर आलेली पिके सहज सामावली गेली. परंपरा प्राचीन असू शकते आणि तिच्यातील सामग्री नवी, हे ओळखणे हा इतिहासाच्या अभ्यासाचा पहिला धडा आहे.

(१०/२२)
परसातील जुनी मंडळी कोणती? वांगे, दोडका, कारले, शेवगा हे या उपखंडाचे. दुधी आणि वाल मूळचे आफ्रिकेकडचे मानले जातात, पण ते फार प्राचीन काळी येथे स्थिरावले. वांग्याने तर उलटा प्रवास केला. संस्कृत 'वातिंगण' फारसीत 'बादिंगान' झाले, अरबीत 'अल्-बादिंजान', आणि स्पेनमार्गे फ्रेंचांच्या ओठी 'ओबर्जिन'. मराठी 'वांगे' त्याच कुळातील. परसातील एका झुडपाने पॅरिसपर्यंत नाव नेले, तेही कोणत्याही राजाच्या मोहिमेविना.

(११/२२)
नव्या मंडळींत सर्वांत मोठी उलथापालथ मिरचीने केली. तत्पूर्वी तिखटपणासाठी मिरे लागत. ते मलबारातून येई आणि पैसे मोजून घ्यावे लागे. 'ऐन-ए-अकबरी'तील पाककृतींत मिरे आहे, मिरची नाही. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली मिरची मोरीच्या ओलीवर उगवली, वाळवून वर्षभर टिकली आणि गरिबाच्या भाकरीला फुकटची चव देऊ लागली. मिऱ्यावरून तिला नाव मिळाले आणि तिने मिऱ्यालाच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ढकलले. बटाटा आणि कोबी ही नावेही पोर्तुगीजांकडूनच आलेली. दौलताबादच्या वाटेवर शरद ऋतूत विकायला बसणारे सीताफळसुद्धा मूळ अमेरिकेचे, नाव मात्र सीतेचे.

(१२/२२)
आता कोंबडी. तिचा पूर्वज आग्नेय व दक्षिण आशियातील तांबडा रानकोंबडा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने थायलंडमधील बान नोन वाट या स्थळावरील सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीच्या हाडांना पाळीव कोंबडीचा आतापर्यंतचा सर्वांत जुना खात्रीशीर पुरावा मानले आहे. त्यातील अनुमान लक्षणीय आहे : भात आणि भरडधान्ये साठवणाऱ्या वस्त्यांकडे रानकोंबडे दाण्यांच्या ओढीने स्वतःहून येऊ लागले. म्हणजे माणसाने कोंबडी पकडली, त्याआधी कोंबडीने माणसाचे अंगण निवडले.

(१३/२२)
लिखित इतिहासात कोंबडी बहुधा मनाईच्या रूपाने येते. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाच्या २६ व्या वर्षी, कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये अशी आज्ञा आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना लसूण, कांदा आणि गावकोंबडा वर्ज्य सांगितला आहे. दोन्ही ठिकाणी एकच सूत्र वापरता येते : जी गोष्ट नसते, तिला कोणी बंदी घालत नाही. शिवाय मनूच्या यादीतील हे तिन्ही जिन्नस एकाच ठिकाणी मिळतात, सामान्य माणसाच्या परसात. कोंबडी कोणाच्या दारी असेल आणि कोणाच्या नसेल, हे मग दीर्घकाळ जातीने ठरवले.

(१४/२२)
ज्याच्याकडे काळी नाही, त्यालाही कोंबडी पाळता येई, हे तिचे खरे महत्त्व. देशी कोंबडी वर्षात तीन-चार वेळा अंड्यावर येते आणि साधारण ५० ते ८० अंडी देते. मग ती खुडूक होते. भुसा घातलेल्या टोपल्यात दहा-बारा अंड्यांवर बसवली की २१ दिवसांनी पिले. दिवसा ती उकिरड्यावर चरतात, रात्री डालग्याखाली किंवा खुराड्यात. घार, मुंगूस आणि मांजर यांच्या तावडीतून निम्मी जगली तरी पुष्कळ. आठवडी बाजारात कोंबडा विकून आलेला पैसा बहुधा बाईच्या हाती राही. मीठ, बांगड्या, मुलाची पाटी त्यातून येई.

(१५/२२)
म्हणूनच ती हिरावली जाण्याचे दुःख मोठे होते. हैदराबाद संस्थानात वेठबिगार रूढ होती. दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांच्या मुक्कामाला सरपण, दूध, अंडी आणि कोंबड्या गावाने पुरवायच्या, बहुधा विनामूल्य. मरीआई, म्हसोबा यांच्या नवसाचा कोंबडा माणूस श्रद्धेने देई. साहेबाच्या मुक्कामाचा कोंबडा भीतीने. वेठीला मनाई करणारे हुकूम निघाले, पण प्रथा संस्थानाच्या अखेरीपर्यंत रेंगाळली. परसाला सारा नव्हता हे खरे; वसुली मात्र होती, आणि तिची पावती मिळत नसे.

(१६/२२)
दुसरे संकट रोगाचे. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कोंबड्यांच्या एका जीवघेण्या साथीचे वर्णन झाले. लगेचच, १९२७-२८ च्या सुमारास, कुमाऊँमधील राणीखेत येथे ती आढळली. भारतात रोगाचे नाव 'राणीखेत' पडले. आपल्याकडे शेतकरी त्याला 'मानमोडी' म्हणतात, कारण पक्ष्याची मान पिळवटते. एका आठवड्यात अख्खे खुराडे रिकामे होई. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत देशी लस तयार झाली. पण शंभर मात्रांची कुपी आणि घरी सात कोंबड्या, हे गणित आजही अनेक गावांत सुटलेले नाही.

(१७/२२)
तिसरे संकट पाण्याचे. मराठवाड्यात जुनी माणसे एक तुलना नेहमी करतात : १९७२ च्या दुष्काळात धान्य नव्हते, तरी पिण्यापुरते पाणी कुठेतरी मिळे, २०१२-१३ च्या दुष्काळात दुकानात धान्य होते, पण पाणी नव्हते. बहात्तरमध्ये लाखो माणसे खडी फोडायला गेली, सुकडीवर जगली. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. त्यानंतर विंधनविहिरींचे युग आले आणि भूजल खोल गेले. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. टँकरचे मोजके हंडे आले, की सर्वांत आधी थांबते ती मोरी. मोरी थांबली की बाग संपते.

(१८/२२)
चौथा बदल बाजाराचा. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली आणि पुणे हे भारतीय कुक्कुटउद्योगाचे केंद्र बनले. वर्षाला ३०० अंडी देणाऱ्या संकरित कोंबडीपुढे देशी कोंबडी 'मागास' ठरली. संकरित कोंबडी खुडूक मात्र होत नाही. तिची पुढची पिढी विकत घ्यावी लागते. संकरित बियाण्याचेही तसेच. उत्पादन वाढले, अंडे स्वस्त झाले, हा मोठाच लाभ. पण ज्ञान आणि बीज परसातून उठून कारखान्यात गेले. २००६ मध्ये नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा रोग थोपवण्यासाठी आसपासच्या अंगणांतील कोंबड्याही माराव्या लागल्या.

(१९/२२)
हिशेबाबाहेरची बाग म्हणजे किरकोळ बाग, असा समज होऊ नये. सोव्हिएत संघात सामूहिक शेतीच्या काळातही कुटुंबाला घराजवळ छोटा तुकडा ठेवू दिला होता. प्रचलित अंदाजानुसार जेमतेम तीन टक्के जमिनीवरील हे तुकडे एकूण शेती उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा देत; बटाटे, भाजी आणि अंडी प्रामुख्याने तिथूनच येत. भारतातही चित्र संपलेले नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील ८५ कोटी कोंबड्या व इतर पक्ष्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत ही वाढ सुमारे ४६ टक्के. वनराजा, गिरिराज यांसारख्या अंगणात जगणाऱ्या सुधारित जातींचा त्यात वाटा आहे.

(२०/२२)
या बागेला राजकीय विचारात स्थान देण्याचा एक मराठी प्रयत्न उल्लेखनीय आहे. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी महिलांचे विशाल अधिवेशन घेतले. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या कार्यक्रमात पुरुषांनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करावा, असे आवाहन झाले. त्या तुकड्यावर घरापुरते विविध अन्न, विकतच्या निविष्ठा न घालता पिकवायचे; शरद जोशींनी त्याला नाव दिले 'सीताशेती'. जे परसात शतकानुशतके चालत होते, ते मालकी हक्कासह काळीत आणण्याचा हा विचार होता. श्रम तिचे आणि सातबारा त्याचा, ही विसंगती त्याने उघड केली.

(२१/२२)
२०२० या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये केंद्राची 'स्वामित्व' योजना सुरू झाली. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावापासून आरंभलेली गावठाणांची ड्रोनमोजणी तिने देशभर नेली. घर आणि मोकळी जागा मोजून मिळकत पत्रिका दिली जाते. त्याच वर्षी 'उमेद' अभियानाने महिला बचत गटांमार्फत पोषण परसबागांची मोहीम राबवली. ज्या पांढरीची मोजणी मलिक अंबरने केली नाही, सालारजंगांनी केली नाही, ती आता होत आहे. कागदावर आलेल्या वस्तूला मालक लागतो. म्हणून परस मोजले जाताना मिळकत पत्रिकेवर कोणाचे नाव लागते, हा या दीर्घ इतिहासातील आजचा प्रश्न आहे. परस राबवणारीचे नाव त्यावर नसेल, तर चारशे वर्षांची नोंद न होणे एका नव्या कागदाने पक्के होईल.

(२२/२२)
परसबागेचे दफ्तर अजून पूर्णपणे हरवलेले नाही. ते वयस्क स्त्रियांच्या स्मरणात आणि बियांच्या गाडग्यांत आहे. इतिहासाची आवड असणाऱ्या कोणालाही गावी गेल्यावर चार प्रश्न विचारून त्याची नोंद करता येईल. मोरीचे पाणी कुठे जाई आणि तिथे काय लावत? कोणते बी कोणाकडून आले, त्याचे गावातले नाव काय? कोंबडा विकून आलेल्या पैशातून काय घेतले? कोणत्या वर्षी बाग बंद पडली आणि कशामुळे? उत्तरांसोबत सांगणारीचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. एका गावातल्या दहा घरांची अशी वही झाली, तरी मराठवाड्याच्या पांढरीचे ते पहिले खतावणीपान ठरेल.

(धागा समाप्त)